आवाज नेमका कुठे हरवला? हौशी बँडने पदरच्या पैशाने काढलेल्या एलपीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोतल्या एका हौशी हार्ड रॉक बँडने सत्तरच्या दशकात पदरच्या पैशाने काढलेली एलपी तुमच्या हाती आली आहे. लेबलवर बँडचं नाव आणि पोस्ट बॉक्सचा क्रमांक, बाकी काही नाही. एक बाजू २३ मिनिटांची. आवाज मातकट, गायक कुठेतरी मागे, बाजूच्या शेवटच्या गाण्यात गिटार फाटते आणि एका ठिकाणी ठरावीक अंतराने टिकटिक होते. बँडच कच्चा होता, रेकॉर्डिंग वाईट होतं की प्रेसिंग, हे कसं ओळखायचं? आणि सॉफ्टवेअरने साफ करून ती नेटवर चढवली तर चालेल का?

जुन्या रेकॉर्डवरून नव्या आवृत्तीसाठी मास्टर तयार करणं हे माझं काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या रेकॉर्डपैकी बऱ्याच याच जातीच्या असतात: मूळ टेप हरवलेली, तबकडी तेवढी उरलेली. त्यामुळे आधी एक सांगते. ‘साफ कसं करायचं’ हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर झाला. वादन, टेप, लॅकरवरचं (लाखेसारखा थर दिलेल्या चकतीवरचं) कटिंग, म्हणजे आवाजाची खाच कोरणं, धातूचे साचे, प्रेसिंग, पन्नास वर्षांची झीज आणि शेवटी तुमची सुई, एवढ्या हातांतून तो आवाज तुमच्यापर्यंत येतो. बँडने टेप दुसऱ्याच्या हाती दिल्यानंतर जे बिघडलं ते मी शक्य तेवढं दुरुस्त करते. टेपवर जे होतं त्याला हात लावत नाही. ही रेघ कुठे पडते ते कळल्याशिवाय एकही फिल्टर लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

शोध सुईपासून मागे मागे जात घ्यावा, कारण सुई बदलणं सगळ्यात सोपं आणि रेकॉर्डला निर्धोक.

तुमचा गायक मागे का, याची पहिली चाचणी दोन मिनिटांची आहे. डावा-उजवा असे दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो ऐका. मोनो केल्यावर बेस आणि गायक आणखी बारीक झाले किंवा जवळपास नाहीसे झाले, तर एका चॅनेलचं टोक उलटं जोडलेलं आहे. मग दुसरी एखादी चांगली रेकॉर्ड लावून हेच करा. तिच्यातही तसंच झालं तर दोष तुमच्या कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) चार बारीक तारांमध्ये आहे. रेकॉर्डवरच बेस असा उलटा कापलेला सापडणं दुर्मीळ, कारण तसा बेस सुईला आडवं न हलवता वर-खाली उडवतो आणि कटिंग करणारा माणूस ते सहसा होऊ देत नाही. ‘स्टुडिओ भिकार होता’ असा शिक्का बसलेल्या रेकॉर्ड निव्वळ तारा सरळ केल्यावर उघडलेल्या मी ऐकल्या आहेत.

मातकटपणाचंही तसंच. एलपी कापताना बेस मुद्दाम कमी करतात आणि तिखट सूर वाढवतात. वाजवताना फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा क्षीण आवाज वाढवणारा पहिला टप्पा, ते उलटवतो. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार (अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाच्या ठरीव प्रमाणानुसार) २० हर्ट्झला आणि २० किलोहर्ट्झला ही उलटापालट प्रत्येकी जवळजवळ २० डेसिबलची असते. एवढ्या मोठ्या दुरुस्तीत प्रीअँप थोडा जरी चुकला तरी सगळा आवाज कलतो. मूव्हिंग मॅग्नेट (सुईसोबत चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजला ४७ किलोओहमचं इनपुट लागतं, आणि केबलची कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) जास्त असेल तर वरचे सूर बदलतात. म्हणून ओळखीची, नीट कापलेली एक रेकॉर्ड त्याच यंत्रावर ऐका. ती स्वच्छ वाजली, तर तुमचं यंत्र संशयातून सुटलं.

मग धुणं. डिस्टिल्ड वॉटर, त्यात साबणासारख्या सौम्य द्रवाचे एकदोन थेंब, मऊ ब्रश, पुन्हा नुसत्या पाण्याने विसळणं आणि ओलावा ओढून घेणं. त्याआधी मधल्या भोकाची कड भिंगातून बघा. आत ॲल्युमिनियमची चकती दिसली, तर ती प्रेस केलेली एलपी नसून लॅकर आहे. लॅकरला अल्कोहोल अजिबात लावू नका आणि ती पुन्हा पुन्हा वाजवूही नका, दर वेळी थोडी खरवडली जाते. मोजक्या प्रती काढणारे काही बँड थेट लॅकरच वाटायचे, म्हणून ही खात्री आधी.

आता बाजूच्या शेवटी फाटणारी गिटार. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण हार्ड रॉकच्या हौशी रेकॉर्डवर सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो. एलपी मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, बरोबर ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला, मध्यापासून सुमारे १४६ मिलिमीटरवर, सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर ग्रूव्ह, म्हणजे आवाजाची खाच, सरकते. आत, ६० मिलिमीटरवर, जेमतेम २१ सेंटिमीटर. म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ०.०५ मिलिमीटर लांब, आणि आत ०.०२ मिलिमीटर. तेवढ्या जागेत फझ गिटार (मुद्दाम खरखरीत केलेला गिटारचा आवाज) आणि सिंबल एकत्र मावत नाहीत, आणि साधी गोल टोकाची सुई त्या लाटांमध्ये शिरूच शकत नाही. अनुभवी कटिंग इंजिनिअर बँडला सांगतो की शांत गाणं आत ठेवा. पण स्वखर्चाने रेकॉर्ड काढणाऱ्या पोरांना हे सांगणारं सहसा कोणी नसायचं. मैफलीचा शेवट जसा सगळ्यात जोरकस गाण्याने करायचा, तसाच त्यांनी बाजूचा शेवट केला. गाणं उत्तम असेल, जागा वाईट मिळाली.

त्यात तुमची बाजू २३ मिनिटांची. साधारण वीस मिनिटांच्या पुढे गेलं की सगळ्या ग्रूव्ह बसवायला आवाजाची पातळी खाली आणावी लागते, बेसही आवरावा लागतो. रेकॉर्ड तिरक्या उजेडात धरून बघा. चांगल्या यंत्रावर कापलेल्या बाजूवर ग्रूव्ह कुठे दाट, कुठे विरळ दिसतात; जोरकस जागी अंतर आपोआप वाढतं. सगळीकडे एकसारखं अंतर दिसलं तर कटिंग ठरावीक अंतरावर झालं आहे, आणि मग सगळ्यात मोठ्या आवाजाच्या जागेला धरून संपूर्ण बाजूच कमी आवाजात कापावी लागते. ‘बँडमध्ये दम नाही’ असं वाटण्यामागे अनेकदा एवढंच असतं.

फाटणं कटिंगचं की झिजेचं, हे सुई बदलून कळतं. निमुळत्या, बारीक रेषेच्या टोकाची सुई ग्रूव्हच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर स्पर्श करते. जुन्या, चार-सहा ग्रॅम वजनाने चालणाऱ्या सिरॅमिक पिनने जिथे घासलं, ती जागा टाळून तिला बऱ्याचदा कोरी भिंत मिळते. माझ्याकडे म्हणूनच वेगवेगळ्या टोकांच्या सुया आहेत आणि प्रत्येक नवी रेकॉर्ड मी शेवटच्या गाण्यापासूनच तपासायला सुरुवात करते. सुई बदलल्यावर फाटणं कमी झालं, तर उरलेल्या आवाजावर भरवसा ठेवता येतो. एकाच चॅनेलमध्ये जास्त फाटत असेल, तर झीज किंवा तुमच्या आर्मचं अँटिस्केटिंग (सुईचा आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून लावलेला उलटा ताण) तपासा. दोन्हीकडे सारखंच फाटतंय, कुठल्याही सुईने फरक नाही, आणि दुसऱ्या प्रतीतही तेच, तर ते फाटणं कटिंगच्या वेळचं किंवा त्याच्याही आधीचं, टेपवरचं.

टिकटिक किती अंतराने होते ते मोजा. १.८ सेकंदांनी असेल तर ती फेऱ्यागणिक एकदा येते. पण एवढ्यावर निकाल देऊ नका: आडवा ओरखडाही दर फेरीला एकदाच टिक करतो आणि साच्यातला दोषही. भिंगातून बघा. पृष्ठभागात खोल गेलेली रेघ म्हणजे वापरातला ओरखडा. वर आलेली पुटकुळी म्हणजे साचा किंवा प्रेसिंग. साच्याचा दोष त्या साच्यातून निघालेल्या इतर प्रतींतही त्याच जागी सापडतो.

इथे या रेकॉर्ड कशा बनत, ते माहीत असणं उपयोगी पडतं. मोठ्या कंपनीत लॅकरवरून धातूचा ‘फादर’ (उलटा ठसा), त्यावरून ‘मदर’ (सुलटा ठसा) आणि मदरवरून हवे तेवढे साचे काढतात. एक साचा साधारण हजारभर प्रती देतो. दोन-तीनशे प्रतींच्या कामात मदर काढण्याचा खर्च वाचवून फादरच थेट प्रेसला लावत. म्हणजे साचा झिजून आवाज गेला, ही शंका इथे बहुतेक वेळा बाद होते. पण त्या एका धातूच्या तुकड्यावर जो डाग पडला तो पुढच्या सगळ्या प्रतींना लागला. सलग चर्रर्र असा कापड फाटल्यासारखा आवाज येत असेल आणि ग्रूव्हमध्ये टाके घातल्यासारख्या खुणा दिसत असतील, तर साच्यात व्हिनाइल पूर्ण भरलंच नव्हतं. धुऊन ते जात नाही. तुमची रेकॉर्ड १९७३-७४ ची निघाली तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीनंतर अमेरिकेत व्हिनाइलची टंचाई झाली होती, आणि वितळवून पुन्हा वापरलेला माल जास्त खरखरतो.

भोक मध्यावर नसणं हाही नेहमीचा दोष. अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल तरी आतल्या गाण्यांत सूर सुमारे ०.८ टक्के वर-खाली होतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका. लांब ताणलेल्या गिटारच्या सुरात तो स्पष्ट कळतो आणि लोक गिटारिस्टला नावं ठेवतात. काही जण भोक कोरून मोठं करतात. दुर्मीळ प्रतीवर ते करू नका. स्पिंडल काढता येणारं टर्नटेबल मिळवा, किंवा ही हेलकाव्याची दुरुस्ती नंतर संगणकावर करा.

इथवर जे दोष सांगितले ते बँडचे नाहीत, आणि म्हणून ते दुरुस्त करताना मला संकोच वाटत नाही. इथून पुढे हात आखडता घ्यायचा.

टेपचा वेग हा मधला प्रांत. छोट्या स्टुडिओतलं यंत्र किंचित हळू-जलद असायचं आणि सगळी एलपी पाव-अर्धा स्वर सरकलेली निघायची. पण नुसता गिटारचा सूर मोजून वेग ठरवू नका, हार्ड रॉकवाले मुद्दाम अर्धा स्वर खाली लावून वाजवतात. मी अँपची गुणगुण शोधते. गाणं सुरू होण्याआधी, काउंट द्यायच्या क्षणी, मायक्रोफोन उघडे असतात आणि गिटारचे अँप घूं करत असतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे ती गुणगुण ६० आणि १२० हर्ट्झला असायला हवी. आधी तुमच्या टर्नटेबलचा वेग स्ट्रोब चकतीने (वेग तपासायच्या, रेघा छापलेल्या चकतीने) पक्का करा, मग स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर दाखवतं त्या हर्ट्झनुसारच्या आलेखात, बघा. १२० ऐवजी ११७.६ दिसलं तर आवाज दोन टक्के हळू आहे. तुमच्या यंत्राची स्वतःची गुणगुण यात मिसळू नये म्हणून सुई उचलून वेगळं मोजा. ५० हर्ट्झची वीज असलेल्या देशात ऐकत असाल तर ती आपोआपच वेगळी दिसते. वाजवणाऱ्यांना न विचारता, त्यांच्याच खोलीतल्या विजेने दिलेला हा पुरावा मला फार विश्वासाचा वाटतो.

आता टेपवर जे होतं ते. पैसे घेऊन रेकॉर्ड काढून देणाऱ्या सेवांचं मुख्य गिऱ्हाईक शाळांचे बँड आणि चर्चमधले गायकवृंद. कॅलिफोर्नियातल्या सॉगसची सेंच्युरी ही कंपनी तर स्थानिक रेकॉर्डिस्टच्या जाळ्यातून हेच काम करायची. गायकवृंदाला सरावलेल्या माणसासमोर अचानक मोठाले अँप लावून चौघं जण उभे राहिले की तो सावधपणे पातळी खाली ठेवणार, माइक लांब ठेवणार. खोलीत सगळे एकदम वाजवतायत, गायकाच्या माइकमध्ये ड्रम शिरतोय, दुसऱ्यांदा घ्यायला तासाचं भाडं नाही. वर सांगितलेली मोनोची चाचणी पार करूनही तुमचा गायक मागेच असेल, तर तो त्या दिवशी त्या खोलीतच मागे होता. त्याला आजच्या सॉफ्टवेअरने वेगळा काढून पुढे आणता येतं, हे मला माहीत आहे. मी ते करत नाही. चार पोरांनी साठवलेल्या पैशांत, मिळालेल्या तासांत जे केलं त्याचा तो एकमेव कागद आहे, आणि मला तो जसाच्या तसा प्यारा आहे. इंग्लंडमधल्या नॉर्थहॅम्प्टनच्या डार्क या बँडने १९७२ साली ‘राउंड द एजेस’च्या अवघ्या काही डझन प्रती काढल्या. त्या बाजारासाठी नव्हत्याच, तरी आज लोक ते रेकॉर्डिंग जिवाच्या कानाने ऐकतात. त्यातली खोली पुसली असती तर ऐकायला उरलं काय असतं?

प्रत्यक्ष काम करताना: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करा आणि काहीही न केलेली मूळ फाइल कायम जपून ठेवा. रेकॉर्डिंग खरोखरच मोनो निघालं तर दोन्ही चॅनेल मिसळल्याने खरखर सुमारे ३ डेसिबलने कमी होते, तीही फुकट. टिका काढणारं स्वयंचलित साधन मात्र हार्ड रॉकवर सरसकट सोडू नका. फझ गिटारच्या लाटेच्या कडा आणि स्नेअर ड्रमचा पहिला घाव त्याला टिकांसारखेच दिसतात, तो ते खरवडतो आणि ड्रमरचा हात बोथट होतो. मी मोठ्या टिका हाताने, एकेक करून काढते. वेळ जातो, पण दुसरा मार्ग मला पटलेला नाही. सतत येणारी खरखर कमी करणाऱ्या साधनाने सिंबल पाण्यातून आल्यासारखे वाटू लागले की लगेच मागे या. थोडी खरखर कान विसरतो, पाणचट सिंबल विसरत नाही.

टेप सापडायची शक्यता कधीच सोडू नका. सापडली तर लगेच वाजवायची घाई नको. रीळ उजेडासमोर धरा. कडेने उजेड आरपार आला तर ती ॲसिटेटची (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची) आहे आणि तिला कधीही ऊब द्यायची नाही. सत्तरच्या मध्यानंतरच्या काही टेप चिकट होतात, त्यांना सुमारे ५४ अंश सेल्सिअसला आठेक तास ठेवून मग वाजवतात. हे घरच्या ओव्हनमध्ये करू नका, जाणकाराकडे द्या.

नेटवर चढवण्याबद्दल. ‘कुणाची कंपनीच नाही, मग हक्क कुणाचा?’ असा समज सर्रास आहे, आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना संघीय कॉपीराइट १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळाला. त्याआधीची मुद्रणंही २०१८ च्या कायद्याने संरक्षणाखाली आली, आणि १९५७ पासून त्या तारखेपर्यंत प्रसिद्ध झालेल्यांचं संरक्षण २०६७ च्या फेब्रुवारीपर्यंत आहे. गाण्याची चाल आणि शब्द यांचा हक्क यापासून वेगळा. १९७२ ते १९७७ मधल्या रेकॉर्डवर हक्काची सूचना छापलेली आहे का, यावर बरंच अवलंबून असतं, तेव्हा तुमच्या बाबतीतलं पक्कं उत्तर वकीलच देईल. पण माझ्या लेखी कायद्याच्या आधी माणसं येतात. ती बहुतेक सत्तरीत असतील. त्यांना शोधा, फाइल आधी त्यांना ऐकवा आणि विचारा. परवानगी तर मिळेलच असं नाही, पण माळ्यावरची टेप, कव्हर न घातलेल्या प्रती, गाण्यांचे खरे क्रम, हे सगळं याच एका पत्रातून बाहेर येतं.

शोधायचं कसं, याचा धागा तुमच्या हातातच आहे. लेबल आणि शेवटच्या ग्रूव्हच्या मधल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेलं किंवा ठोकलेलं काहीतरी असणार. ओहायोची रेकॉर्ड म्हणजे सिनसिनाटीच्या राइट किंवा क्यूसीए या कारखान्यांची शक्यता मोठी. राइटच्या रेकॉर्डवर ‘सीपी’नंतरचा आकडा हा गिऱ्हाइकाचा खातेक्रमांक असतो, आणि मॅट्रिक्स क्रमांक (त्या पट्टीत उमटवलेला कारखान्याचा अनुक्रमांक) ओळीने वाढत जात असल्याने वर्षाचा अंदाज बांधता येतो. आरसीए या मोठ्या कंपनीकडून प्रेस करून घेतलेल्या साठच्या दशकातल्या रेकॉर्डवर पहिलं अक्षरच वर्ष सांगतं: एस म्हणजे १९६५, टी म्हणजे १९६६, यू म्हणजे १९६७. वर्तुळात ‘एमआर’ असेल तर लॉस एंजलिसचा मोनार्क कारखाना, आणि शेजारच्या त्रिकोणापुढचा आकडाही वर्षापर्यंत नेतो.

तेव्हा दोन्ही बाजूंच्या त्या पट्टीतलं प्रत्येक अक्षर, आकडा, खूण जशीच्या तशी उतरवून इथे लिहा, अंधुक वाटलं तरी सोडू नका. हाताने कोरलेलं कोणतं आणि ठोकलेलं कोणतं तेही लिहा. सोबत मोनोच्या चाचणीत गायकाचं काय झालं ते कळवा. त्यावरून वर्ष आणि कारखाना सांगायचा प्रयत्न करते, आणि पुढे कोणती सुई लावायची तेही ठरवू.